‘येड्यांची डॉक्टर’ व्हायचंय म्हणणारी आपली लेक

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओतूर लागते. जुन्नर तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. कांद्याच्या हंगामात बाजार आवारात गाड्यांची रांग लागते, पिशव्यांच्या थप्प्या चढतात आणि कांद्याचा वास अंगावरच्या कपड्यांतून जाता जात नाही. या आवारात हमाली करणाऱ्या एका बौद्ध कुटुंबाकडे आम्ही गेलो होतो. कारण आनंदाचे होते. हमालाची मुलगी डॉक्टर झाली होती. एम.बी.बी.एस.ची शेवटची परीक्षा पास होऊन ती इंटर्नशिप करीत होती आणि दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आली होती. तिचे चार शब्द आपल्या वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच आमचा हेतू होता.

घरात पाऊल टाकले आणि लक्षात आले, की काहीतरी बिनसले आहे. जयभीम झाला, पाणी झाले, चहा आला, तरी कुणी मोकळेपणाने बोलेना. शेवटी आजींनीच तोंड उघडले.

“तुमी शिकल्यासवरल्याली मानसं. तुमीच सांगा हिला. येवढी शिकली, अन् आता म्हनती, येड्यांची डॉक्टर व्हायचंय!”

आई दारातच बसून कांदे निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “बाळंतपणाची डॉक्टर हो म्हणावं, नायतर लहान पोरांची. गावात दवाखाना टाकला तर लोक नाव काढतील. येड्याच्या दवाखान्यात कोण पाय ठेवील?” वडील काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “उद्या लग्नाचं बघायचं म्हणल्यावर पाव्हण्यांना काय सांगायचं?”

मुलगी खाली मान घालून ऐकत होती. मग तिने वडिलांकडे पाहिले आणि विचारले, “आबा, काकांचं सांगू का यांना?” वडिलांनी मान हलवली. तिने जे सांगितले, त्यावरूनच हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले. कुटुंबाच्या इच्छेनुसार कुणाचेही नाव आम्ही देत नाही.

देव्हारा नसलेल्या घरात लिंबू आले

तिचा धाकटा चुलता बावीस वर्षांचा असताना आजारी पडला. आधी झोप उडाली. मग तो एकटाच बोलू लागला. शेजारचे लोक आपल्याबद्दल बोलतात, भाकरीत काहीतरी कालवतात, असे म्हणू लागला. कामावर जाणे बंद झाले. एके रात्री तो घराबाहेर पडला, तो दोन दिवसांनी आळेफाट्यावर सापडला.

पुढे काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. कुणी म्हणाले करणी आहे, कुणी म्हणाले बाहेरचे आहे. या घराने बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला होता. आजोबांनी देव्हारा स्वतःच्या हाताने काढला होता. पण पोटचा पोर डोळ्यांदेखत बदलू लागला, तेव्हा त्याच घरात देवऋषी आला, लिंबू आले, कोंबडे आले. आजी आजही ते सांगताना पदर डोळ्यांना लावतात. “बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ हुत्या गं, पर काळीज ऐकंना.” त्यांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. ज्या आजारावर औषध आहे हे घरातल्या कुणालाच कधी कुणी सांगितले नव्हते, त्या घराने दुसरे काय करायचे?

पुढे काका अंगावर धावून येऊ लागले, म्हणून त्यांना पडवीत दाव्याने बांधून ठेवावे लागले. ज्या दाव्याने शेळी बांधायची, त्याच दाव्याने माणूस बांधला. मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळेतून आली, की दुरूनच ताट सरकवायचे, एवढेच तिला ठाऊक.

अखेर गावातल्या एका शिक्षकांनी समजावले आणि घरच्यांनी त्यांना पुण्याला सरकारी दवाखान्यात नेले. एसटीने आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर करीत जायचे. एका खेपेला दोघांची दिवसाची हमाली बुडायची. तिथे खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “नाव काय तुमचं?”

मुलगी म्हणाली, “आबा अजून सांगतात. तोपर्यंत वर्षभर काकांना कुणी नावाने हाक मारली नव्हती. सगळे ‘येडा’च म्हणायचे. डॉक्टरांनी नाव विचारलं आणि काकांनी नाव सांगितलं. त्या दिवशी मला कळलं नव्हतं, पण आता वाटतं, मला तोच प्रश्न विचारणारी डॉक्टर व्हायचंय.”

चार महिन्यांच्या गोळ्यांनंतर काका पुन्हा कामावर जाऊ लागले. मधल्या काळात ‘आता बरा झाला’ म्हणून दोनदा गोळ्या बंद केल्या आणि दोनदा आजार उलटला. आता घराला कळले आहे, की साखरेच्या आजाराप्रमाणे याही आजारात गोळी नियमाने घ्यावी लागते. आम्ही गेलो, त्या दिवशी काका कांद्याच्या चाळीवर कामाला गेले होते.

कॉलेजात काय चालते?

घरचा विरोध आम्ही समजू शकत होतो. पण जिथे सगळे डॉक्टरच होणार, त्या मेडिकल कॉलेजात तरी या विषयाला मान असेल, असे आम्हाला वाटत होते. मुलगी हसली. म्हणाली, “मैत्रिणींना सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, ‘का गं, रँक कमी येईल असं वाटतं का?’ दुसरा म्हणाला, ‘दहा वर्षांनी तूच पेशंट होशील.’”

सर्जरी म्हणजे शूर, मेडिसिन म्हणजे हुशार, आणि मनोविकार म्हणजे ज्याला दुसरे काही मिळाले नाही तो, अशी समजूत मुलांच्या मनात वॉर्डात, कँटीनमध्ये, होस्टेलवर तयार होते. ती पाठ्यपुस्तकात नसते, पण पाठ्यपुस्तकापेक्षा पक्की बसते.

याला शिक्षणाची रचनाही कारणीभूत आहे. मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांप्रमाणे साडेचार वर्षांच्या अभ्यासात मनोविकार विभागात दोन आठवडे जायचे. मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डांत विद्यार्थी महिनेच्या महिने काढतो, इथे दोन आठवडे. परीक्षेत स्वतंत्र पेपर नाही, मेडिसिनच्याच पेपरात एखादा प्रश्न. ज्याचे मार्क नाहीत, ते कोण वाचणार? मग ते दोन आठवडे म्हणजे सुट्टी, असे मुले मानू लागली. आता यात सुधारणा झाली आहे. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात या विषयाला अधिक जागा मिळाली आणि इंटर्नशिपमध्ये मनोविकार विभागात दोन आठवडे काम करणे आवश्यक झाले. मात्र स्वतंत्र पेपर अजूनही नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. वीस देशांतील शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. ‘आपण नक्की मनोविकारतज्ज्ञ होणार’ असे म्हणणारे निघाले शंभरात चार ते पाच. त्याच पाहणीत असेही दिसले, की ज्यांना या विषयाचे जादा काम जवळून करायला मिळाले होते, त्यांचा ओढा अधिक होता. याचा अर्थ सरळ आहे. रुग्णाजवळ बसायला मिळाले, की भीती जाते. दुरून ताट सरकवणाऱ्याला ती कायमच राहते.

चार लाखांमागे किती?

२०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की आपल्या देशात शंभरातल्या दहा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आणि त्यांच्यातील बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. काही आजारांत हे प्रमाण शंभरात सत्तर, काहींत नव्वदच्या घरात.

डॉक्टर किती? संसदेच्या स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात नमूद केले, की भारतात दर लाख लोकांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे. हवेत तीन. हा हिशेब आपण घरातल्या भाषेत मांडू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख. देशाची सरासरी लावली तरी तालुक्याच्या वाट्याला तीन डॉक्टर येतात, आणि गरज बाराची आहे. पण सरासरी ही कागदावरची. डॉक्टर राहतात शहरात. घाटाखालच्या ठाकरवाडीतला माणूस आणि ओतूरचा हमाल पुण्याची एसटी धरतो, नाहीतर देवऋष्याची वाट धरतो.

सरकारने १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, तो हे अंतर कमी करण्यासाठीच. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनेही साधे मानसिक आजार ओळखावेत, अशी त्यामागची कल्पना. पण ज्या डॉक्टरने विद्यार्थी असताना दोन आठवडे सुट्टी मानून घालवले, त्याला नैराश्य ओळखता येणार कसे? छातीत धडधडते म्हणून आलेल्या बाईला तो टॉनिक देऊन परत पाठवतो. बाई तीन दवाखाने फिरते, कर्ज काढते, आणि रोग तिथेच राहतो.

ओतूरचाच एक डॉक्टर आणि येरवड्याची डॉक्टरीण

आम्ही त्या घरात एक आठवण सांगितली. याच ओतूरमध्ये १९४४ साली एक मुलगा जन्मला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला. त्याचे नाव अनिल अवचट. पुढे त्यांनी डॉक्टरी सोडून लेखणी धरली. हमाल, विडी कामगार, देवदासी, दलितांवरील अत्याचार यांवर त्यांनी लिहिले. आपल्या वाचकांना त्यांची एक खास ओळख आहे. १५ ऑगस्ट १९७२ चा ‘साधना’चा विशेषांक, ज्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रभर वादळ उठले, तो अंक अवचटांनी संपादित केला होता. २०२२ च्या जानेवारीत ते गेले.

आज आम्हाला अधिक सांगायचे आहे ते त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्याविषयी. त्यांनी मनोविकारशास्त्र निवडले आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केले. हे रुग्णालय राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी सर्वांत मोठे, २५४० खाटांचे. बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. ‘तुला येरवड्याला पाठवू का?’ हे वाक्य आपण थट्टेने म्हणतो. त्या येरवड्याला या बाई रोज आपणहून कामाला जात.

ऐंशीच्या दशकात गर्द ऊर्फ ब्राऊन शुगरने शहरांतल्या वस्त्यांत धुमाकूळ घातला. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. सुरुवात गर्दपासून झाली, पण दारूचे रुग्ण येतच राहिले. दारूने किती घरे बसवली, हे कामगार वस्तीत राहणाऱ्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

मुक्तांगणात दारुड्याला शिक्षा नसते, शिव्या नसतात. तो आजारी माणूस आहे असे धरून त्याला वागवले जाते. त्याच्या बायकोसाठी ‘सहचरी’ गट असतो, कारण नवरा पितो तेव्हा झिजते ती बायको. आणि जे बरे होतात, त्यांतलेच काहीजण पुढे तिथे कार्यकर्ते होऊन दुसऱ्याला हात देतात. डॉ. अनिता यांना कर्करोग झाला. तरीही त्या काम करीत राहिल्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे चालविले.

एका मनोविकारतज्ज्ञ बाईने काय उभे केले, ते पाहा. तिला चकचकीत ऑपरेशन थिएटर लागले नाही. ‘येड्यांची डॉक्टर’ म्हणून तिची उमेद खचली असती, तर हजारो घरांतली चूल विझलीच असती.

विद्यार्थ्यांच्या शंका, घरच्यांच्या शंका

आमच्या बोलण्यातून काही शंका पुढे आल्या. त्या विद्यार्थ्यांच्याही असतात आणि आईबापांच्याही. एकेक घेऊ.

‘हे आजार बरे होतातच कुठे?’ काही पूर्ण बरे होतात, काही औषधाने आटोक्यात राहतात. रक्तदाब आणि साखर तरी मुळापासून कुठे जाते? पण त्यांच्या डॉक्टरला कुणी कमी लेखत नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवला, १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन वापरात आले आणि जगभरातील मनोरुग्णालयांचे रूप बदलू लागले. आपल्या मातीतल्या सर्पगंधा या वनस्पतीवर तर गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या भारतीय वैद्यांनी १९३१ सालीच लिहिले होते, की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर गुणकारी आहे. तेव्हा हे शास्त्र नाही, असे म्हणणाऱ्याने इतिहास वाचलेला नाही.

‘असा रुग्ण अंगावर येतो, जिवाला धोका.’ बहुतेक मनोरुग्ण कुणाला इजा करीत नाहीत. उलट तेच मार खातात, उपाशी राहतात, साखळदंडात पडतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या झोपडीला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक जीव जागच्या जागी जळून गेले. ते उपचारासाठी दर्ग्याजवळ आणले गेले होते. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे, आणि सन्मानाने उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरला आहे.

‘पैसा नाही.’ सर्जनइतका झटपट नसेल. पण या डॉक्टरला लाखो रुपयांची यंत्रे लागत नाहीत. टेबल, दोन खुर्च्या आणि दार लोटून बसता येईल अशी खोली एवढ्यावर सुरुवात होते. कर्ज काढून दवाखाना थाटण्याची ज्या घरांची ऐपत नाही, त्यांनी ही बाजूही पाहावी. सरकारी रुग्णालये, मेडिकल कॉलेजे, व्यसनमुक्ती केंद्रे यांत या तज्ज्ञांची गरज आहेच.

‘सारखं वेड्यांत बसून आपणही वेडे होऊ.’ मानसिक आजार हा काही स्पर्शाने लागणारा रोग नव्हे. क्षयाच्या वॉर्डात काम करणाऱ्याला खरा धोका असतो, तरी तिथे डॉक्टर जातोच ना?

‘लोक काय म्हणतील?’ या शंकेला औषध नाही. तिला उत्तर फक्त धीराने देता येते. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. चारचौघांत ज्यावर बोलायला लोक लाजत, त्या विषयावरील खटला मुंबई उच्च न्यायालयात कुणी लढवला? आपल्या बाबासाहेबांनी. जे माणसाला छळते, ते लपवून नव्हे, ज्ञानाने सोडवायचे असते, हा त्यातला धडा आहे. पटाचारेची कथा आपण विहारात ऐकतो. नवरा, मुले, आईबाप एकामागून एक गेल्यावर ती भान हरपून फिरत होती आणि लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवंतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले आणि बहीण म्हणून हाक मारली. त्या कथेतून आपण काय घ्यायचे, हे वेगळे सांगायला हवे काय?

आपल्या घरातलाच डॉक्टर का हवा?

मुलीने सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. तिच्या दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये वस्तीतली एक बाई आली. ती सांगत होती, “डोक्यात किडं वळवळत्यात, अंगातून वाफा निघत्यात, हातापायाला मुंग्या.” सोबतच्या विद्यार्थ्यांना वाटले, हिला भास होत आहेत. मुलीला मात्र कळले. तिची आजीही दुःख झाले, की असेच बोलते. ती बाजूला बसली आणि विचारले, “मावशी, घरात काय झालं?” बाई रडू लागली. तिचा मुलगा चार महिन्यांपूर्वी गेला होता. तिला भास नव्हते, दुःखाने खचून आलेले नैराश्य होते. इतर विषयांत रक्त तपासून, फोटो काढून रोग सापडतो. इथे रोग रुग्णाच्या बोलण्यात असतो. ज्याला ते बोलणे कळते, तो अर्धा डॉक्टर आधीच झालेला असतो. ‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्या माणसाला न हसता ऐकून घेणे आणि मग हळूच औषधाकडे वळवणे, हे कष्टकऱ्यांच्या घरात वाढलेल्या डॉक्टरला जमते.

दुसरे कारण अधिक कडू आहे. आपली मुले मोठ्या कॉलेजांत जातात, तेव्हा त्यांना काय काय ऐकावे लागते, हे आपण जाणतो. ‘कोट्यातला’ हा एक शब्द रोज कानावर पडला, की हुशार मुलगाही आतून पोखरतो. दिल्लीच्या एम्समधील जातीय भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ साली अहवाल दिला. त्यात मागास जातींतील विद्यार्थ्यांना कसे वेगळे पाडले जाते, हे नोंदले गेले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातून आलेल्या निवासी डॉक्टर मुलीने आपले जीवन संपवले. तिचा जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. भेदभाव थांबवणे हे कायद्याचे आणि चळवळीचे काम आहे, त्यावर गोळी नाही. पण पोखरला जात असलेला जीव वेळेवर ओळखणारा, ‘तूच कमकुवत आहेस’ असे न म्हणणारा डॉक्टर त्या होस्टेलजवळ असणेही तितकेच गरजेचे आहे. तो डॉक्टर ज्याने ते सोसले आहे त्यांच्यातून आला, तर अधिक बरे.

पालकांनी एवढे जाणून घ्यावे

मनोविकारतज्ज्ञ हा पूर्ण डॉक्टर असतो. आधी एम.बी.बी.एस., मग तीन वर्षांचे एम.डी. ही तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम करताना विद्यावेतन मिळते. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. मानसशास्त्र शिकलेला समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ वेगळा. तो बोलण्यातून उपचार करतो, औषध देत नाही. ज्या मुलांना मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, पण या कामाची ओढ आहे, त्यांनी मानसशास्त्राचा किंवा समाजकार्याचा मार्ग धरावा. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने तर हेही दाखवून दिले, की नीट शिकवून तयार केलेले गावातले साधे लोकसुद्धा नैराश्यात असलेल्या माणसाला मोठा आधार देऊ शकतात.

घरच्यांची साथही उपचाराचा भाग आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांना ठेवून घेतले. आईच्या हातची भाकरी आणि डॉक्टरची गोळी दोन्ही मिळाल्यावर रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. आणि आपल्या घरात कुणी असे आजारी असेल, रात्री-बेरात्री मन फारच खचले असेल, तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर लावावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.

निघताना

उन्हे कलली, तशी आम्ही उठलो. वडील आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले. अजूनही ते पूर्ण राजी नव्हते. चालता चालता त्यांनी विचारले, “नोकरी लागंल ना हिला? कर्ज फिटंल ना?” आम्ही म्हणालो, लागेल. ते गप्प झाले.

इतक्यात समोरून एक गृहस्थ सायकल हातात धरून येताना दिसले. केसांवर कांद्याचे फोलपट, पाठीवर दिवसभराचा घाम. वडिलांनी ओळख करून दिली, “हा माझा भाऊ.” आणि त्यांनी भावाचे पूर्ण नाव सांगितले. आम्ही जयभीम केला. त्यांनीही दोन्ही हात जोडून जयभीम केला आणि विचारले, “पोरीला भेटला का? चांगली डॉक्टर होईल ना ती?”

वडील आमच्याकडे बघत होते. उत्तर आम्ही द्यायचे होते, पण ते म्हणाले, “होईल की. तुझ्यासारख्यांचीच होणार म्हणती.” काका हसले. तो होकार होता की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण सकाळी ‘पाव्हण्यांना काय सांगायचं’ म्हणणारा बाप संध्याकाळी भर रस्त्यात हे बोलला, एवढे मात्र आम्ही पाहिले.

बंधू-भगिनींनो, पोटाला चिमटा घेऊन आपण मुलांना शिकवतो. डॉक्टर झालेल्या मुलाने कोणता विषय घ्यावा, हे शेवटी त्याने ठरवायचे. पण उद्या तुमच्या घरातली लेक किंवा लेकरू म्हणाले, की मला मनाच्या आजाराचा डॉक्टर व्हायचे आहे, तर ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य तेवढे गिळून टाका. त्याला विचारा, तुला असे का वाटते? कदाचित तुमच्याच घरातली, तुम्ही झाकून ठेवलेली एखादी गोष्ट तो तुम्हाला सांगेल. ती ऐकून घ्या.